रस्त्याची डावी कड

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

पुणे ही एके काळी सायकलींची नगरी होती, हे वाक्य वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात सापडणे कठीण. या वाक्यामागून बहुधा एक सुस्कारा येतो आणि मग बोलणारे गृहस्थ आपल्या स्कूटरला किल्ली लावून निघून जातात. माझी तक्रार या वाक्यातील ‘होती’ या शब्दाबद्दल आहे. सायकली कमी झाल्या हे खरे, पण त्या गेलेल्या नाहीत. पहाटे साडेपाचला रस्त्यावर येऊन पाहावे. वर्तमानपत्रांचे गठ्ठे कॅरिअरला बांधलेली मुले, हँडलला डबे अडकवलेले रंगारी, रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन, दुधाच्या पिशव्या वाहणारे, आणि थोड्या वेळाने दप्तर पाठीला लावून शाळेला जाणारी मुले-मुली. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभरांपैकी सुमारे पंचेचाळीस घरांत सायकल असल्याची नोंद आहे.

बदल झाला तो सायकलवर कोण बसतो यात. पूर्वी प्राध्यापक, वकील, कारकून, सारेच सायकलवर असत, त्यामुळे सायकलस्वाराची अडचण ही गावाची अडचण ठरे. आज ज्याला दुसरे वाहन परवडत नाही तोच मुख्यतः रोज सायकल चालवतो. (रविवारी सकाळी हेल्मेट घालून सिंहगडाकडे जाणारे हौशी सायकलपटू आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहे, पण सोमवारी ते मोटारीत असतात.) अशा माणसाचे गाऱ्हाणे सभेत मांडले जात नाही. प्रस्तुत लेखात रस्ता-सुरक्षेचा सगळा विषय घेण्याचा विचार नाही, तेवढा अधिकारही नाही. रस्त्याच्या फक्त डाव्या कडेबद्दल लिहायचे आहे.

हळू जाणाऱ्या वाहनाने डावीकडून जावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. सायकल हे रस्त्यावरील हळू वाहनांपैकी एक, म्हणून तिची जागा डाव्या कडेला. इथपर्यंत सर्व ठीक. परंतु उभ्या राहणाऱ्या वाहनाची जागाही डावी कडच असते. रिक्षा गिऱ्हाइकासाठी थांबते ती तिथे. टेम्पो माल उतरवतो तो तिथे. ‘दोनच मिनिटांत आलो’ असे सांगून औषधाच्या दुकानात शिरणारे गृहस्थ मोटार लावतात तीही तिथेच. खोदाईचा राडारोडा, खचलेले ड्रेनेजचे झाकण, हातगाडी, कचऱ्याचा डबा, सारे काही या एकाच पट्टीत. बसथांब्यावर रिक्षा उभ्या असल्या की बस रस्त्याच्या मध्येच थांबते, उतारू डाव्या दाराने उतरतात, आणि सायकलस्वार बस व रिक्षा यांच्या चिमटीत सापडतो. म्हणजे एका नियमाने त्याला जिथे जायला सांगितले तिथेच शहराने आपली सगळी अडगळ आणून ठेवली आहे.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, त्याचा थोडा हिशोब मांडून पाहू. शहरातील रस्त्याची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद धरतात. मोटारीची रुंदी सुमारे पावणेदोन मीटर. ती कडेला उभी राहिली की निम्मी मार्गिका संपली. तिचे दार उघडले तर ते आणखी सुमारे एक मीटर बाहेर येते. उरले पाऊण मीटर. सायकलचे हँडलच अर्धा मीटरच्या वर रुंद असते. तेव्हा दारापासून सुरक्षित अंतर ठेवायचे तर सायकलस्वाराला शेजारच्या मार्गिकेत जाणे भाग आहे, आणि तिथे मागून बस, डंपर, मोटारसायकली येत असतात. ताशी पंधरा किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात चार मीटरहून थोडी अधिक पुढे जाते. तीन मीटरवर दार उघडले तर ब्रेकवर बोटे आवळण्यापूर्वीच सायकल दारावर आदळलेली असते.

मोटार चालवणाऱ्यांना वाटते की मागे पाहून वळसा घालण्यात असे काय अवघड आहे? अवघड आहे. सायकलला आरसा नसतो. मागे पाहायचे तर मान वळवावी लागते, आणि उजवीकडे मान वळवली की हँडलही नकळत उजवीकडे झुकते, हा सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. कॅरिअरवर ओझे असेल तर ते जास्तच झुकते. हात दाखवावा तर हँडलवर एकच हात राहतो आणि पुढे खड्डा असतो. शिवाय हे एकदा करून भागत नाही. अर्ध्या किलोमीटरमध्ये आठ-दहा वेळा कड सोडायची आणि पुन्हा कडेला यायचे. मागच्या वाहनाला मात्र एवढेच दिसते की एक सायकलवाला ‘मध्येच आडवा आला’. उभी मोटार त्याला दिसलेली नसते. ती त्या रस्त्याचा भागच होऊन गेलेली असते. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२२ मध्ये सुधारलेल्या वाहतूक नियमावलीत मोटारीचे दार लांबच्या हाताने उघडावे असे सांगितले आहे, कारण तसे केले की अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल नजरेस पडते. आपल्याकडेही चालक उजवीकडेच बसतो, म्हणजे त्याने उजवे दार डाव्या हाताने उघडायचे. याला एक पैसाही खर्च नाही.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे कायदा नाही म्हणून हे चालते, असा बऱ्याच जणांचा समज आहे. मलाही कुतूहल होते म्हणून ग्रंथालयात मोटार वाहन अधिनियम, १९८८ काढून पाहिला. त्याच्या १२२ व्या कलमाचा आशय असा: सार्वजनिक जागेचा वापर करणाऱ्या इतरांना धोका, अडथळा वा अवाजवी गैरसोय होईल, किंवा होण्याचा संभव असेल, अशा स्थितीत कोणीही मोटार वाहन उभे ठेवू नये. ‘इतरांना’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ‘इतर मोटारींना’ असे कायदा म्हणत नाही. त्यात पायी चालणारा आला, सायकलवाला आला, हातगाडीवालाही आला. शिवाय धोका प्रत्यक्ष घडलाच पाहिजे असेही नाही, संभव पुरेसा आहे. १२७ व्या कलमाने असे वाहन उचलून नेता येते आणि त्याचा खर्च मालकाकडून घेता येतो. २०१७ साली केंद्र सरकारने वाहने चालवण्याबाबतची नवी विनियमावली काढली. तिच्यात पदपथ, सायकल मार्ग आणि पादचारी ओलांडणी या ठिकाणी वाहन लावण्यास स्पष्ट मनाई आहे. उभ्या वाहनाच्या शेजारी दुसरे वाहन लावण्यासही मनाई आहे. दंडाचे म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीने तो पहिल्या वेळी ५०० रुपये आणि नंतर १५०० रुपयांपर्यंत झाला, आणि डिसेंबर २०२१ पासून महाराष्ट्रात वाढीव दर लागू झाले. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २८५ व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर धोका वा अडथळा निर्माण करणाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. जुन्या दंडसंहितेत हाच दंड दोनशे रुपये होता.

तेव्हा कायदा तोकडा नाही. मग अडते कुठे?

याचे उत्तर मला आमच्या शेजारच्या एका वृद्ध आजोबांच्या गप्पांत सापडले. ते सांगत होते की त्यांच्या तरुणपणी सायकलीवर नगरपालिकेचा कर असे, तो भरल्याचा पितळी बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला की पोलीस अडवत. दिव्यातले तेल संपले म्हणून सायकल हातात धरून चालत जाणारे लोक त्यांनी पाहिले आहेत. डबलसीट पकडले तर मागचा उडी मारून गल्लीत पळे आणि पुढचा शिट्टी ऐकूच आली नाही असे दाखवी. आजोबा हे हसत सांगत होते, पण मला त्यात एक निराळीच गोष्ट दिसली. त्या काळी पोलिसाला सायकलस्वार दिसत होता. पकडण्यासाठी का होईना, रस्त्यावरचा एक माणूस म्हणून त्याची दखल घेतली जात होती. पुढे कर गेला, बिल्ला गेला, दिव्याची सक्तीही कोणी पाहीनासे झाले. सायकलवाला मोकळा झाला खरा, पण पोलिसांच्या नजरेतूनही तो सुटला.

आजची वाहतूक व्यवस्था नंबरावर चालते. कॅमेरा नंबर टिपतो, चलन नंबरावर निघते, संदेश नंबराच्या मालकाला जातो. सायकलला नंबर नाही, म्हणून तिच्यावर चलन निघत नाही. आणि तिच्या वतीने कोणावर निघते असेही फारसे दिसत नाही. वाहतूक पोलिसाच्या कामाचा हिशोब कोंडीवर होतो. चौकात कोंडी झाली की वरून विचारणा होते. उभ्या मोटारीमुळे बस अडली तर कोंडी होते, पण सायकलवाला अडला तर काहीच होत नाही, तो जीव मुठीत धरून वळसा घालतो आणि पुढे जातो. म्हणून टोइंगची गाडी येते ती जिथे मोटारी अडतात तिथे. त्यातही दुचाकी उचलायला हलकी, म्हणून चार दुचाकी उचलल्या जातात आणि शेजारचा टेम्पो आपल्या जागी सुखाने उभा राहतो. (दुचाकी उचलण्यासाठी टोइंगची गाडीही उभी राहते ती डाव्या कडेलाच, हे जाता जाता सांगून ठेवते.) सम तारखेला या बाजूला आणि विषम तारखेला त्या बाजूला वाहने लावण्याचे फलक आपण पाहतो. मोटारवाल्याला त्यात एक दिवसाआड तरी सोय आहे. सायकलवाल्याला सकाळी एका बाजूने जायचे असते आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूने परतायचे असते, तेव्हा तारीख कोणतीही असो, एका वेळी त्याची कड गेलेलीच असते.

हे सगळे पोलिसांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. भर उन्हात, धुरात आठ-आठ तास उभे राहणारा हवालदार हा माझ्या वडिलांसारखाच पोटासाठी उभा असतो. पण व्यवस्था त्याला काय पाहायला शिकवते, हा प्रश्न राहतोच.

वडिलांचा उल्लेख आला म्हणून एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. माझे वडील एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. घरापासून नऊ किलोमीटर, जाऊन-येऊन अठरा. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पहाटे ते परत येत असताना डाव्या कडेला एक मालाचा टेम्पो उभा होता. मागचा दिवा नव्हता, रिफ्लेक्टरवर चिखल होता. जवळ गेल्यावर तो दिसला, वडिलांनी उजवीकडे घेतले, आणि मागून आलेल्या मोटारसायकलचा धक्का लागून ते पडले. मोटारसायकलवाला थांबला नाही. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर राहिले, आणि कंत्राटी नोकरीत न भरलेल्या दिवसांचा पगार नसतो. चौकीत गेल्यावर पहिला प्रश्न आला, “गाडीचा नंबर सांगा.” नंबर कोण पाहणार? वडील म्हणाले, “साहेब, टेम्पो तर तिथंच उभा आहे अजून.” त्यावर उत्तर मिळाले, “काका, टेम्पो उभाच होता की. त्यानं काय केलं तुम्हाला?”

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही. आमच्या घरात कायद्याचे पुस्तक उघडणारे कोणी नव्हते. महाविद्यालयात आल्यावर राज्यशास्त्राच्या सरांना मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ सालचा एक निर्णय वाचायला दिला. प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातले. ऑक्टोबर १९८७ मध्ये पुणे–बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यात पेट्रोलचा टँकर ट्रकशी धडकून रस्त्याकडेला उलटला. तो तसाच पडून राहिला आणि सुमारे चार तासांनी स्फोट होऊन जमलेल्यांपैकी काही माणसे भाजून मेली. भरपाईचा प्रश्न आला तेव्हा विमा कंपनीचे म्हणणे असे की टँकर चालत नव्हता, म्हणून हा ‘मोटार वाहनाच्या वापरातून’ झालेला अपघात नव्हे. न्यायालयाने ते मानले नाही. वाहन चालू असतानाच त्याचा ‘वापर’ होतो असे नाही, थांबलेले वा बिघडून उभे असलेले वाहनही वापरातच असू शकते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. तो प्रसंग आणि आमचा प्रसंग एक नव्हेत, हे मला समजते. पण ‘उभाच होता की’ एवढ्या उत्तराने विषय संपत नाही, हे त्यातून निश्चित ठरते.

याला जोडून आणखी एक माहिती देते, कारण ती आपल्यापैकी कोणाच्याही घरी उपयोगी पडेल. २०१९ च्या दुरुस्तीने १६४ वे कलम नव्याने आले. त्यानुसार मोटार वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातात मृत्यू आल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये भरपाई वाहनमालकाने वा विमा कंपनीने द्यायची असते, आणि त्यासाठी चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. अर्ज उपविभागीय अधिकारी वा तहसीलदार यांच्या कचेरीत करायचा. परंतु याला पोलिसांकडील नोंदीचा आधार लागतो. उभ्या टेम्पोचा नंबर, त्याची जागा, दिवा होता की नव्हता, हे नोंदवहीत आलेच नाही तर पुढचे सगळे कलम कागदावरच राहते. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. त्यांच्यातल्या किती जणांनी मरण्यापूर्वी एखाद्या उभ्या वाहनाला वळसा घातला होता, हे अशा नोंदीवाचून कोणाला कळणार?

सायकल मार्ग बांधले की प्रश्न सुटेल, असे काहीजण म्हणतात. भारतीय रस्ते महासभेने सायकल मार्ग कसे असावेत याची शिफारस १९६२ सालीच छापली होती. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिले आहे. पुणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्याच महिन्यात भाड्याच्या सायकलीही आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. मार्ग बऱ्याच ठिकाणी आहेत. आपण रोज ते पाहतो, म्हणजे त्यांच्यावर लावलेल्या दुचाकी पाहतो. लाल रंगाच्या पट्टीवर सलूनचा फलक, शहाळ्यांची गाडी, विजेच्या खात्याची पेटी, आणि अचानक एका झाडापाशी मार्ग संपतो. सायकल उचलून खाली उतरावे लागते. मग मोटारवाले म्हणतात, ‘एवढा मार्ग करून दिला, तरी हे रस्त्यावरच!’ मार्ग बांधणारे खाते एक, तो मोकळा ठेवणारे दुसरे, आणि दोघांपैकी कोणाच्याही कामाचा हिशोब तिथून किती सायकली सुखरूप गेल्या यावर होत नाही.

सायकलवाले साव आहेत असे माझे म्हणणे नाही. उलट दिशेने येणे, अंधारात दिव्यावाचून जाणे, कानात गाणी घालून पायडल मारणे, हे चालते आणि ते वाईटच आहे. पण यातल्या पुष्कळ गोष्टींचे मूळ पुन्हा त्या कडेत आहे. उलट दिशेने येणाऱ्याला निदान समोरचे वाहन दिसते, असा त्याचा हिशोब असतो. हिशोब चुकीचा आहे, पण तो भीतीपोटी केलेला आहे.

मी स्वतः मराठवाड्यातील गावातून आले. आठवीत असताना मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना मिळते ती सायकल मला मिळाली, आणि त्या सायकलमुळे बारावीपर्यंत शाळा झाली. आमच्या वर्गातील ज्या दोघींच्या गावाला रस्ताच नव्हता त्यांची दहावीनंतर लग्ने झाली. पुण्याला येताना ती सायकल एसटीच्या टपावर टाकून आणली. पहिले तीन महिने आई ती बाहेर काढू देत नव्हती. तिचे म्हणणे, गावात कुत्री आडवी येतात, इथे मोटारी येतात. बसचा पास परवडेना तेव्हा तिचा विरोध संपला. माझ्यासारख्या निदान चार मुली या महाविद्यालयात मला माहीत आहेत, आणि एक सुट्टीनंतर आलीच नाही. तिच्या घरच्यांनी सांगितले की रस्ता बरा नाही.

म्हणून मागणी मोठी करण्यात अर्थ नाही. सगळे शहर सुधारा, असे सांगितले की कोणीच काही करत नाही. आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंतचा तुकडा घ्यावा. तिथे डाव्या कडेला रोज सकाळी उभ्या असतात त्या दुचाकी दुकानदारांच्या नाहीत, आपल्याच विद्यार्थ्यांच्या आहेत. आतल्या वाहनतळावर जागा असूनही त्या बाहेर राहतात, कारण आत लावल्या तर तास संपल्यावर बाहेर काढायला पाच मिनिटे लागतात. प्राध्यापकांच्या दोन मोटारीही कधी कधी तिथे असतात, हे संपादक मंडळाने छापावे अशी विनंती आहे.

या तुकड्यासाठी वाहतूक शाखेकडे द्यावयाचा अर्ज आम्ही काही विद्यार्थिनींनी तयार केला आहे. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत. सकाळी साडेसहा ते आठ आणि दुपारी बारा ते एक या वेळांत येथे कोणतेही वाहन उभे राहू नये. उभे राहिल्यास दुचाकीआधी चारचाकी व टेम्पो यांच्यावर चलन व्हावे. आणि सायकलस्वार पडल्याची तक्रार आली तर जवळ उभ्या असलेल्या वाहनाचाही नंबर नोंदवहीत घ्यावा. अर्जाची वही ग्रंथालयाच्या काउंटरवर ठेवलेली आहे. सहीपुढे वर्ग आणि हजेरी क्रमांक लिहावा. दुचाकी आणणाऱ्यांनीही सही केली तर चालेल.